गुरुवारचं बेरियम

चौकटीतून जायला मयूर तयार नव्हता.

"मी बाजूनं येतो ना ताई," तो हसत म्हणाला, "माझ्यात काय बघण्यासारखं आहे?"

नागपूरच्या त्या संशोधन संस्थेच्या दालनात शनिवारी दुपारी घरचीच माणसं होती. डॉ. ऋचा डाहुले हिनं कित्येक वर्षं खपून तयार केलेलं यंत्र दोन दिवसांनी एका इस्पितळात चाचणीला जाणार होतं. त्याआधी धाकट्या बहिणीनं ते बघावं, म्हणून ऋचानं केतकीला पाथरडोहहून नवऱ्या-मुलीसकट बोलावून घेतलं होतं. पाच वर्षांची ओवी प्रवासानं दमून कोपऱ्यातल्या सोफ्यावर झोपली होती.

यंत्र दिसायला अगदी साधं. दाराची नुसती चौकट, विमानतळावर असते तशी. दोन्ही खांबांत मात्र पारदर्शक स्फटिक बसवलेले होते, आणि माणसाच्या अंगातून निघणारे गॅमा किरण त्या स्फटिकांना 'ऐकू' येत. ऐकू येणं हा ऋचाचा लाडका शब्द. ती म्हणायची, प्रत्येक किरणोत्सारी अणूचा आवाज ठरलेला असतो. त्याच्या किरणांची ऊर्जा कधी बदलत नाही. यंत्र एकेक किरण टिपतं, त्याची ऊर्जा मोजतं, आणि एकाच ऊर्जेचे पुष्कळ किरण आले की पडद्यावरच्या आलेखात तिथं एक शिखर उभं राहतं. शिखर कुठं आहे ते पाहायचं आणि अणूचं नाव सांगायचं.

केतकी आधी जाऊन आली होती. तिच्या आलेखात एकच शिखर दिसलं.

"पोटॅशियम," ऋचानं सांगितलं. "ते तुझ्या-माझ्यात, केळ्यात, बटाट्यात, सगळ्यांत असतं. घाबरायचं कारण नाही."

"आता तू जा ना बाप्पा," केतकीनं मयूरला ढकललं. "एवढा अणुभट्टीवरचा इंजिनिअर, अन् दारातून जायला काऊन लाजून राहिला?"

मयूर आत जाऊन उभा राहिला. पडद्याकडे त्यानं पाहिलं नाही. तो ऋचाच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

पोटॅशियमचं शिखर आलं. मग डावीकडे आणखी एक टोक हळूहळू वर यायला लागलं. आयोडीन. किरणोत्सारी आयोडीन. त्याच्या उजवीकडे एक बारीक टोक, आणि पार दूर, पोटॅशियमच्याही पलीकडे, आणखी एक. ऋचानं डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला. ही दोन टोकं कुठल्या तक्त्यात शोधायची तिला गरज नव्हती. बेरियम आणि लँथेनम.

तरुणपणाची सगळी वर्षं तिनं याच आवाजांत घालवली होती. युरेनियमचं अणुकेंद्र फुटतं तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात आणि ते सहसा सारखे नसतात. भावाभावांच्या वाटणीत होतं तसं, एकाला जास्त, एकाला कमी. दोघं विरुद्ध दिशांना सुसाट सुटतात, पण सुटून त्यांना स्वस्थता लाभत नाही. अंगात ऊर्जा ठासून भरलेली असते. ती टाकत, एका मूलद्रव्याचं दुसरं होत, कुणी क्षणात तर कुणी वर्षानुवर्षांनी शांत होतं. अशा शेकडो अस्वस्थ तुकड्यांचे किरण ऋचानं मोजले होते. बेरियम हा त्यांतला एक वजनदार तुकडा. युरेनियमसारखं जड अणुकेंद्र फुटल्याशिवाय हे किरणोत्सारी बेरियम जगात कुठंही तयार होत नाही.

"ताई, काय झालं?" केतकीनं विचारलं.

"थांब जरा."

"यंत्र बिघडलं असेल," मयूर चौकटीतून बाहेर येऊन पडद्याकडे नजर टाकत म्हणाला. "आणि ते आयोडीन असेल तर, मागच्या आठवड्यात माझी थायरॉइडची तपासणी झाली. पोटाच्या एक्स-रेला बेरियमही पाजलं होतं."

"कधी?" केतकी त्याच्याकडे वळली. "मला बोलला नाहीस."

ऋचानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पोटाच्या एक्स-रेसाठी देतात ते बेरियम मुकं असतं. त्याला आवाज नसतो. हे बोलत होतं.

*

तिनं मयूरला एकट्याला बाजूच्या खोलीत नेलं.

"हे बेरियम गुरुवारचं आहे," ती म्हणाली.

मयूरचा चेहरा पडला. "तारीखसुद्धा कळते?"

"कळते. बेरियमपासून लँथेनम तयार होतं. भट्टीतल्या इंधनात दोन्ही असतात, पण गळती झाली की बेरियम जास्त उडतं आणि लँथेनम मागं राहतं. मग बाहेर पडलेल्या बेरियमपासून लँथेनम नव्यानं साठायला लागतं. किती साठलं ते मोजलं की बेरियम कधी बाहेर पडलं ते सांगता येतं. तुझ्या छातीतलं गुरुवारी संध्याकाळी बाहेर पडलंय."

पाथरडोहला पूर्वी कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. ते बंद झाल्यावर त्याच जागेवर एका खासगी कंपनीनं छोटी अणुभट्टी बसवली होती. अशा भट्ट्या आता देशात जागोजागी होत होत्या. मयूर मत्ते तिथं पाळीचा अभियंता होता, आणि केतकी गावातल्या शाळेत शिकवायची.

"इंधनाच्या नळीला तडा गेला," तो खाली बघत म्हणाला. "आम्ही काही जण आत होतो. मला जे लागलं ते फार नाही, मोजलंय त्यांनी. सांगितलं, बाकी सगळं गाळण्यांत अडकलं, आवाराबाहेर काही गेलं नाही. मग सह्या घेतल्या. कुठं बोललो तर नोकरी जाईल ते जाईलच, नव्या कायद्यानं तुरुंगही आहे. ताई, डोक्यावर घराचे हप्ते नाहीत, काही नाही, मला नोकरीची भीती नाही. पण बाहेर गेलंच नाही तर लोकांना घाबरवून काय मिळणार, सांगा ना?"

"गेलं नाही हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"आणि तू मानलंस?"

दार उघडलं. केतकी उंबऱ्यात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"ओवीला उभी कर," ती ऋचाला म्हणाली.

"केतकी, नको," मयूर म्हणाला. "ती कुठं आत होती? तिच्यात काही निघणार नाही."

"मग नको कशाला म्हणतोस?"

झोपेतून उठवलेली ओवी डोळे चोळत चौकटीत उभी राहिली. ऋचानं तिच्या हातात आपला किल्ल्यांचा जुडगा दिला, म्हणजे पोर हलणार नाही. पडद्यावर लहानसं पोटॅशियम आलं. थोडा वेळ दुसरं काहीच नव्हतं. मयूरनं सुस्कारा टाकला. आणि मग डावीकडे, इवलंसं, आयोडीनचं शिखर वर आलं. गळ्याच्या उंचीवरच्या स्फटिकांनी ते पकडलं होतं.

"माझ्या कपड्यांमुळं," मयूर घाईनं म्हणाला. "मी तिला उचलून घेतलं होतं ना!"

"तुझ्या कपड्यांवरचं असतं तर बेरियमही दिसलं असतं," ऋचा म्हणाली. "हिच्यात नुसतं आयोडीन आहे, आणि तेही गळ्यात. आयोडीन वाफेसारखं लांब जातं. गवतावर बसतं. गाय ते गवत खाते, दुधात आयोडीन उतरतं, बेरियम जवळपास उतरत नाही. ओवीनं दूध कुठलं प्यायलं?"

"गावातलंच," केतकी म्हणाली. "काल रात्री. आज सकाळी पण." तिनं मयूरकडे पाहिलं. "तूच गरम करून दिलंस."

मयूर खाली बसला.

ओवीच्या जिवाला धोका नव्हता. ऋचानं ते दोनदा मोजून पाहिलं, दोघांना दोनदा सांगितलं. पण दुधातलं आयोडीन पुढचे काही दिवस वाढतच जाणार होतं, आणि मुलांची गळ्यातली ग्रंथी ते आयोडीन मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त ओढून घेते. पाथरडोहच्या आसपास दहाबारा गावं. त्या गावांतली सगळी मुलं आज संध्याकाळी दूध पिणार होती. केतकीच्या वर्गातलीसुद्धा.

*

अणुभट्ट्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात फोन लागला, पण फोनवरच्या माणसाला आधी नाव हवं होतं. बेरियम कोणाच्या शरीरात सापडलं? ऋचानं मयूरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. नाही.

नाव सांगायचं तर त्याची परवानगी लागणार होती. माणसाच्या शरीराचा आलेख त्या माणसाच्या मालकीचा, त्यानं हो म्हटल्याशिवाय तो बाहेर जाणार नाही, हा नियम ऋचानंच यंत्रात घातला होता. त्यासाठी ती समितीशी भांडली होती.

"ओवीचा द्या," केतकी म्हणाली. "मी तिची आई आहे. मी परवानगी देते."

पलीकडच्या माणसानं ऐकून घेतलं. नुसतं आयोडीन असेल तर घरात कुणी थायरॉइडचा रुग्ण आहे का, असं विचारलं. सोमवारी पथक पाठवतो म्हणाला.

ओवीला नागपुरातच आजीपाशी, ऋचा-केतकीच्या आईपाशी, ठेवून तिघं पाथरडोहला निघाले. ऋचानं डब्याएवढा, हातात धरून किरण मोजायचा वर्णपटमापक मांडीवर घेतला होता. चौकटीइतका तो तीक्ष्ण नव्हता, पण दुधाला पुरेसा होता. केतकी गाडी चालवत होती, वाजवीपेक्षा जोरात. मागं बसलेला मयूर एकदाच बोलला.

"मला वाटलं होतं, घरी नेहमीसारखं वागलो की झालं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गायी चरत होत्या. ऋचाची नजर राहून राहून त्यांच्याकडेच जात होती. पाथरडोह जवळ आलं तसे भट्टीचे पांढरे घुमट दिसायला लागले. आजूबाजूचं शिवार रोजच्यासारखंच हिरवं होतं.

*

दूध संकलन केंद्रावर संध्याकाळची रांग लागली होती. केंद्राच्या अध्यक्ष सुलोचनाबाई झाडे केतकीला ओळखत होत्या. नातू तिच्या वर्गात होता.

"मॅडम, तुमी? अन् हे काय आणलं?"

ऋचानं सांगितलं. सुलोचनाबाईंनी ते निम्मंच ऐकून घेतलं आणि दुधाची बरणी पुढं ढकलली. "बोलू नका. मोजा."

मापकाच्या पडद्यावर शिखर आलं. दुसऱ्या बरणीत आलं. तिसऱ्या गावच्या बरणीत जरा कमी, पण आलं.

"म्हणजे आता हे फेकाचं का?" रांगेतला एक जण ओरडला.

"फेकायचं नाही," ऋचा म्हणाली. "हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. मग निम्म्याचं निम्मं. दुधाची पावडर करून तीन महिने ठेवली, तर नंतर बिनधास्त वापरा. फक्त ताजं दूध आता मुलांना द्यायचं नाही. गायींना साठवणीतला कडबा घाला, बाहेर चरायला सोडू नका. एवढं केलं तर निभावेल."

लोक आपसांत बोलायला लागले. तेवढ्यात कंपनीची गाडी आली. कुणीतरी फोन केला असणार. कंपनीचे अधिकारी बक्षी उतरले. माणूस शांत, बोलणं गोड.

"मॅडम, आपलं आयोडीन खरं असेल," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण हे आयोडीन इस्पितळात थायरॉइडच्या रुग्णांना देतात. ते सांडपाण्यात जातं, नदीत जातं, गुरं ते पाणी पितात. हे जगात सगळीकडे घडतं. भट्टीचा संबंध जोडायला आपल्याकडे दुसरा काही पुरावा आहे का?"

लोक ऋचाकडे बघायला लागले. ती बोलली नाही. बक्षींना नेमकं कुठं बोट ठेवायचं ते ठाऊक होतं. भट्टीचा पुरावा म्हणजे बेरियम. ते फार लांब उडत नाही, कुंपणाच्या आतल्या गवतावर सापडलं असतं. पण कुंपणाच्या आत जायला त्यांचीच परवानगी लागत होती. इथं उभ्या असलेल्यांपैकी बेरियम एकाच माणसाच्या छातीत होतं.

यंत्राची कर्ती म्हणून दुपारचा त्याचा आलेख तिच्या हातातल्या फोनमध्ये होता. बोट टेकवायचा अवकाश.

"सांगा ना मॅडम," बक्षी म्हणाले. "नसेल तर लोकांना घाबरवू नका. यांचं पोट या दुधावर आहे."

"तेही खरंच," रांगेतून कुणी तरी म्हणालं. एकानं आपली कॅन उचलून पुन्हा वजनकाट्याजवळ आणली. सुलोचनाबाई गोंधळून कधी ऋचाकडे, कधी बक्षींकडे पाहत होत्या.

मयूर गाडीला टेकून उभा होता. तो पुढं आला. बक्षींनी त्याला पाहिलं, आणि त्यांचं गोड बोलणं तिथंच थांबलं.

"मत्ते, तुम्ही घरी जा," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही काय सही केली आहे ती आठवा."

"आठवते साहेब." मयूर काट्याशेजारच्या ओट्यावर चढून उभा राहिला. शर्टाची वरची बटणं त्यानं काढली. "ताई, मोजा मला. सगळ्यांना दिसेल असं धरा."

"मयूर, तुझी परवानगी आहे?"

"आहे."

ऋचानं मापक त्याच्या छातीला लावला. हातातल्या यंत्राला वेळ लागणार होता. ओट्याभोवती माणसं जमली, बाया पदर सावरत पुढं आल्या. मयूर डोळे मिटून, श्वास आवरून उभा होता. पडद्यावर आधी आयोडीन आलं. मग बराच वेळ नुसती खरखर. बक्षींनी घड्याळात पाहिलं. आणि मग उजवीकडे, पार टोकाशी, लँथेनमचं शिखर हळूहळू डोकं वर काढू लागलं. थोड्या वेळानं मधलं बारीक बेरियमही दिसलं.

"हे कुठल्या इस्पितळात देत नाहीत," ऋचा म्हणाली.

मयूरनं डोळे उघडले. "गुरुवारी संध्याकाळी भट्टीत नळी फुटली," तो म्हणाला. "मी आत होतो. मला बोलू नको म्हणाले, मी बोललो नाही. माझ्या पोरीनं कालपासून हेच दूध प्यायलं, मी पाजलं. तुम्ही पाजू नका."

कुणी शिव्या देईल, अंगावर येईल असं ऋचाला वाटलं होतं. तसं झालं नाही. सुलोचनाबाईंनी काट्याचा दिवा बंद केला. "वरच्या गावाईले फोन लावा," त्या आत ओरडल्या. "सांगा, लेकराईले दूध देऊ नका. अन् पावडरवाल्याले बोलवा." मग मयूरकडे वळून म्हणाल्या, "तुमी उतरा आता. किती वेळ उभे राहाल?"

बक्षी गाडीत बसून फोनवर बोलत होते.

*

त्या रात्रीच मुलांच्या गळ्यातली ग्रंथी आधीच भरून टाकणाऱ्या साध्या आयोडीनच्या गोळ्या आल्या, दुसऱ्या दिवशी पथक आलं आणि भट्टी बंद झाली. पुढं चौकशी बसली, कुंपणाच्या आतल्या गवतात बेरियम सापडलं, गाळणीचा एक पडदा फाटलेला निघाला. गावांतल्या मुलांना ओळीनं चौकटीतून नेलं गेलं. बऱ्याच जणांच्या गळ्यात काहीच नव्हतं. ज्यांच्या होतं त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागणार होतं. ओवी त्यांतली एक.

मयूरची नोकरी गेली. करार मोडल्याचा खटला उभा राहिला. गावांनी त्याच्यासाठी वकील दिला. तो वरोऱ्याला आपल्या आईवडलांकडे राहायला गेला, कारण केतकी त्याच्याशी बोलत नव्हती. ती ओवीला घेऊन ऋचाकडे आली होती.

ऋचाला त्या दिवसांत झोप नव्हती. चौकटीचं नाव देशभर झालं आणि मागण्या यायला लागल्या. कारखान्यांना हवी होती, विमा कंपन्यांना हवी होती. एका मोठ्या उद्योगसमूहानं सगळ्या फाटकांवर बसवायची तयारी दाखवली. अट एकच. परवानगीचा तो नियम यंत्रातून काढायचा. माणूस आत आला की मोजला गेला पाहिजे, विचारणं नको. पाथरडोहमध्ये परवानगीपायी किती वेळ वाया गेला, बघा, असं त्यांनी लिहिलं होतं.

एका दुपारी दोघी बहिणी गॅलरीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. खाली अंगणात ओवी खेळत होती.

"ताई, एक विचारू?" केतकी म्हणाली. "मयूर त्या ओट्यावर चढला नसता तर?"

ऋचाचे हात थांबले.

"तर मी त्याचा दुपारचा आलेख दाखवला असता."

"त्याला न विचारता?"

"हो. फोन हातात घेतला होता मी."

"मग दाखवला का नाहीस? बक्षी एवढं बोलत होता, तू गप्प होतीस."

"वाट बघत होते. त्यानं स्वतः यावं असं वाटत होतं. आणखी थोडा वेळ त्याला दिला असता, फार नाही."

केतकीनं हातातली शेंग सोलली. "त्याला हे माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नकोस. त्याला वाटू दे की तो आपणहून पुढं आला."

"तो आपणहूनच आला, केतकी. मी काय करणार होते ते त्याला कुठं ठाऊक होतं?"

केतकीचा चेहरा आक्रसला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, मनसोक्त, आवाज न करता. मग पदरानं डोळे पुसून ती आत गेली आणि तिनं फोन लावला. "जेवलास का?" एवढंच ऋचाला ऐकू आलं. नंतर दार लोटलं गेलं.

ऋचा सोललेल्या दाण्यांचं ताट पुढं घेऊन बसून राहिली. उद्योगसमूहाला नकार द्यायचा हे तिचं कधीच ठरलं होतं. विचारल्याशिवाय माणसाला मोजायचं नाही, असं नकाराच्या पत्रात लिहायचं होतं. ते कोणत्या तोंडानं लिहायचं, हे मात्र तिला अजून सुचत नव्हतं.